नळीतली साय

तळं तसं एवढंसं होतं. एका काठावरून हाक मारली की पलीकडच्या काठावरचा माणूस मान वळवून बघायचा. खोलही फार नाही. मधोमध लांब बांबू उभा केला तर त्याचं टोक पाण्याबाहेर राहायचं. पण उथळ माणसाचं असतं तसंच उथळ तळ्याचं असतं. पोटात काय आहे ते झटकन वर येतं, आणि जरा वारा सुटला की सगळं ढवळून निघतं.

या तळ्याची नाडी बघणारी बाई काठावरच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत काम करायची. मुलं तिला थेंबआजी म्हणत. शाळेतली मुलं सहलीला आली की ती प्रत्येकाला आपल्या हाताने पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवायला लावायची, मायक्रोस्कोपजवळ उभं करायची आणि म्हणायची, "आवाज कमी. तुम्ही आता एका मोठ्या गावात पाहुणे म्हणून चाललाय." मग पोरं डोळा लावायची आणि त्या थेंबात काचेच्या होड्या, हिरव्या चकत्या, एकमेकांना चिकटलेले चौकोन पाहून किंचाळायची. पाण्यात तरंगणाऱ्या या सूक्ष्म वनस्पती. त्यांना प्लवक म्हणतात, पण थेंबआजी त्यांना "माझी रयत" म्हणायची.

रयतेची शिरगणती दर पंधरवड्याला व्हायची. नावाड्याच्या सपाट बुडाच्या होडीतून ती तळ्याच्या मध्यावर जायची. आधी दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची आणि ती कुठल्या गाठीला दिसेनाशी होते ते बघायची. मग लांब नळीने वरपासून खालपर्यंतचं पाणी उचलून बाटलीत भरायचं, आणि त्यात आयोडीन टाकायचं. आयोडीनने पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो आणि आतले जीव होते तिथे थिजतात. प्रयोगशाळेत ते पाणी उंच काचेच्या नळीत ओतायचं आणि रात्रभर कुणी टेबलाला धक्कासुद्धा लावायचा नाही. नळीच्या बुडाशी पातळ काच असते. जीव सावकाश त्या काचेवर बसतात. दुसऱ्या दिवशी नळी अलगद बाजूला सरकवायची, वरचं पाणी मोरीत ओतून द्यायचं आणि काचेवर जे उरलं ते मोजायचं. हा मायक्रोस्कोपही उलटा. तो खालून वर बघतो.

हे सगळं तिला प्रयोगशाळेतल्या जुन्या सरांनी शिकवलं होतं. ही मोजणी त्यांनीच सुरू केलेली. त्यांचा एकच हट्ट असे: पद्धत बदलायची नाही. "दर वर्षी पोराची उंची मोजताना पट्टी बदललीत," ते म्हणायचे, "तर पोर वाढलं की पट्टी आखडली, हे कळणार कसं?" सर गेले, पण पट्टी तीच राहिली.

एक गोष्ट मात्र सरांनी पहिल्याच वर्षी गाळून टाकली होती. एक निळंहिरवं शेवाळ असतं. त्याच्या अंगात हवेच्या बारीक पोकळ्या असतात, म्हणून ते खाली बसत नाही, बुचासारखं वर तरंगतं. आणि त्यातल्या काही जाती विषारी असतात. त्यांना खाली बसवायचं तर बाटलीला घट्ट बूच मारून बुचावर लाकडी हातोडीचा एक ठोका द्यायचा. आत दाब बसतो, पोकळ्या फुटतात आणि मंडळी मुकाट तळाशी जातात. सरांनी वर्षभर ठोके देऊन पाहिले. आकड्यात फरक पडेना. "आपल्या तळ्यात ही जात नाही," ते म्हणाले, "उगीच बाटल्या कशाला फोडायच्या?" ठोका बंद झाला. आणि पद्धत बदलायची नाही, म्हणून तो पुन्हा कधी सुरूही झाला नाही. हातोडी तेवढी राहिली. खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ती फटीत अडकवलेली असायची.

उन्हाळा भरात होता आणि वारा पडला होता. तळं आरशासारखं स्वस्थ. अशा दिवसांत थेंबआजीने पाणी आणलं, रात्रभर ठेवलं, मोजलं, आणि संध्याकाळी घरी आली तेव्हा तिची लेक दारातच उभी होती. लेक मुलांना पोहायला शिकवायची, याच तळ्याच्या एका उथळ कुशीत. वर्ग दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता.

"आई, आकडा?"

"आत तर येऊ दे गं."

"ये. आता सांग."

"कमी आहे."

"कमी म्हणजे खरंच कमी, की गेल्या वर्षीसारखं काहीतरी?"

गेल्या वर्षीचा किस्सा घरात शिळा होत नव्हता. पाण्यावर पिवळट थर पाहून थेंबआजीने मोजायचीही वाट पाहिली नव्हती. धावत जाऊन मुलांना बाहेर काढलं होतं, पालकांना घाबरवलं होतं, काठावर दोरी बांधली होती. आठवड्याने कळलं, तो काठच्या झाडांचा पराग होता.

"गेल्या वर्षी आकडा नव्हता. माझे डोळे होते."

"आणि तुझ्या डोळ्यांपायी माझी पोरं आठवडाभर गवतावर पालथी पडून हवेत हात मारत होती. पालक अजून मला परागबाई म्हणतात, माहितीये?"

"चांगलं नाव आहे की. गोड आहे."

"आई!"

"बरं बाई, चुकलं. यंदा डोळ्यांचं ऐकणार नाही. मोजलंय नीट. नेहमीपेक्षाही कमी आहे."

तेवढ्यात न्हाणीघरातून हाक आली. भिंगरी, लेकीची सात वर्षांची पोर. एका जागी कधी ठरत नाही म्हणून भिंगरी. तिचे पुढचे दोन दात पडले होते आणि त्या फटीचा तिला एवढा अभिमान होता, की जणू ती तिने स्वतः पाडून घेतली होती. "आजी, इकडे बघ!" म्हणत तिने तोंडभर पाणी घेतलं आणि फटीतून लांब फवारा सोडला. तो थेट थेंबआजीच्या चष्म्यावर.

"अगं माझे आई! विहिरीवरच्या पंपाला लाजवशील!"

"उद्या तळ्यात मी सगळ्यांत लांब उडवणार. पैज लागलीये."

चष्मा पुसता पुसता थेंबआजीच्या मनाला एक बारीक खडा टोचला. होडीतून थाळी सोडली तेव्हा ती नेहमीपेक्षा दोन गाठी आधीच दिसेनाशी झाली होती. पाणी गढूळ होतं. आणि आकडा मात्र कमी. गाळ उठला असेल, असं म्हणून तिने दोरी गुंडाळली होती. आताही तिने मनाला तेच सांगितलं. डोळ्यांचं ऐकायचं नाही, असं आत्ताच तर कबूल केलं होतं.

"मग उतरवू ना पोरांना?" लेकीने विचारलं.

"उतरव."

*

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत पोचली तेव्हा ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं. टेबलावर दुसरी नळी उभी होती.

ती नेहमी दोन नळ्या भरायची. एक मोजायची, दुसरी राखीव. काही गोंधळ झालाच तर असावी म्हणून. मोजून झालं की दोन्ही मोरीत. पण काल लेकीचे फोनवर फोन, म्हणून घाईत दुसरी तशीच राहिली होती. थेंबआजीने ती ओतायला म्हणून हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला.

उन्हात नळी स्वच्छ दिसत होती. फिक्या चहाचा रंग, खाली नितळ, बुडाशी नावाला धूळ. आणि अगदी वर, पाण्याच्या तोंडाशी, साय धरली होती. चहा निवल्यावर धरते तशी. काळपट, जाड, काचेला चिकटलेली साय.

इतकी वर्षं ती या नळ्यांकडे खालून बघत आली होती. वरचं पाणी म्हणजे काम झाल्यावर ओतायचं पाणी. त्याच्याकडे कोण बघतो?

मग एकेक गोष्ट मनात जागेवर बसू लागली. थाळी लवकर दिसेनाशी झाली होती. ती म्हणाली, गाळ. पण वारा तर कितीतरी दिवस पडलेला होता. वाऱ्याशिवाय गाळ उठतो कसा? शाळेतल्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर तिने त्याला प्रेमाने पुन्हा विचार करायला लावलं असतं.

तिने ड्रॉपरने त्या सायीतला थेंब काचेवर घेतला. काच दोनदा निसटली. मायक्रोस्कोपात डोळा लावला. मण्यांच्या माळा. एकात एक अडकलेल्या, गुंतलेल्या, काळपट मण्यांच्या माळा, सबंध थेंबभर, काचेच्या होड्यांना जागाच नाही. ही जात तिने पुस्तकात पाहिली होती, दुसऱ्या तळ्यांच्या बाटल्यांत पाहिली होती. "आपल्या तळ्यात ही जात नाही."

खिडकीचं दार हललं. फटीतली हातोडी खडखडली. थेंबआजीने दचकून वर पाहिलं. वारा सुटला होता. अगदी मंद, गालाला कळेल न कळेल असा. उघड्या पाण्यावरून तो पलीकडे चालला होता, त्या उथळ कुशीकडे. कुणी टेबलावरचा चुरा हाताने एका कोपऱ्यात सारावा, तसा तो पाण्यावरचं सगळं तिकडे सारत नेणार होता.

तिने लेकीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. फोन काठावरच्या पिशवीत असणार, टॉवेलांच्या खाली.

तिने दाराला कडीसुद्धा घातली नाही.

काठाकाठाने जाणारी वाट फार लांब नव्हती, पण तिचे गुडघे आता धावायचे राहिले नव्हते. ती धावली. जाताना पाण्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही नजर जात होती. पाण्यावर हिरव्या रेघा दिसत होत्या, रंगाचा ब्रश कुणी धुऊन टाकावा तशा. सगळ्या रेघा एकाच दिशेला वळलेल्या होत्या.

धक्क्याजवळ नावाडी गुडघ्यांवर बसला होता. त्याचा कुत्रा, भुंग्या, समोर आडवा पडला होता. मागचे पाय झटकत होता, उठू बघत होता, आणि पाय जणू त्याचे नव्हतेच.

"बाई, बरं झालं आलात! याला काय झालंय बघा हो. सकाळी पाण्यात डुंबला, मग अंग चाटत बसला, आणि आता हे असं..."

थेंबआजीने भुंग्याकडे एकदाच पाहिलं. "ढोरांच्या डॉक्टरकडे न्या. आत्ता. आणि हात धुवा, तळ्यात नाही, नळावर. तोंडाला हात लावू नका."

"पण झालंय काय?"

ती तोवर पुढे निघाली होती.

*

कुशीच्या काठावर पालक पथाऱ्या पसरून बसले होते. कुणी फळं कापत होतं, कुणी वर्तमानपत्राने वारा घेत होतं. पाण्यात मुलांचा गलका. लेक कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एका लहानग्याच्या पोटाखाली हात धरून सांगत होती, "पाय सरळ! बेडूक पाय कसे मारतो? तू काय घड्याळाचा लंबक आहेस का?"

"बाहेर!" थेंबआजी ओरडली. आवाज फाटला. "सगळे बाहेर या! पाण्यात विष आहे!"

काठावरच्या माना वळल्या. मग एक बाप हसला. "आला, आला, पराग आला!" बाकीचेही हसले, जरा अवघडून.

लेकीचा चेहरा लाल झाला. "आई, आत्ता नाही. घरी बोलू."

"घरी नाही. आत्ता काढ त्यांना."

"काल तूच 'उतरव' म्हणालीस!"

"चुकले मी. आकडा चुकला."

"गेल्या वर्षी डोळे चुकले, यंदा आकडा चुकला. पुढच्या वर्षी काय चुकायचं ठरलंय?"

आता, लेकीला आपल्या आईबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक होती. सगळा जन्म या तळ्यावर काढलेली ही बाई घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नव्हती. होडीत बसतानाही ती दोन्ही कडा धरून बसायची. लहानपणी बुडता बुडता वाचली होती, तेव्हापासून पाय तळाला टेकत असले तरी पाणी गुडघ्याला लागलं की तिचा श्वास अडकायचा. घरात त्यावरून पुष्कळ थट्टा व्हायची: रयतेवर राज्य, पण राज्यात पाऊल नाही.

थेंबआजीने चपला काढल्या नाहीत. चष्मा काढला नाही. ती सरळ पाण्यात चालत गेली. घोटे, गुडघे, मांड्या. कपडे फुगून वर आले. खालचा गाळ पावलं ओढत होता. तिचे ओठ पांढरे पडले होते, हात हवेत काहीतरी धरायला धडपडत होते, आणि तरी ती पुढे येत होती.

लेकीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. तिने हातातला लहानगा काखोटीला मारला, गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि छाती फुटेस्तोवर वाजवली.

मग कुणी हसलं नाही. पालक उठले, धावले. मुलं रडत, कुरकुरत काठावर आली. लेक नळाची रबरी नळी घेऊन एकेकाला डोक्यापासून पायापर्यंत धूत होती. "तोंड मिटा. मिट म्हणते ना! पाणी प्यायलं का कुणी? खरं सांगा." थेंबआजी पाण्यातच उभी होती. तिने काठावरचे चेहरे एकेक करून पाहिले, आणि पुन्हा पाहिले.

"भिंगरी कुठे आहे?"

लेकीच्या हातातली नळी खाली पडली.

कुशीच्या टोकाला, दोरीने बांधलेला एक लाकडी तराफा होता. मुलं त्यावरून उड्या मारत. वाऱ्याने सारलेलं सगळं त्याच तराफ्याच्या मागे येऊन साचलं होतं. घट्ट, हिरवं, रंगाचा डबा उपडा करावा तसं. आणि त्याच्या मधोमध, छातीएवढ्या पाण्यात, भिंगरी होती. तिने तो हिरवा लगदा गालांना, कपाळाला, दंडांना थापला होता.

"आजी! तू पाण्यात?" ती आनंदाने ओरडली. "मी ओळखू येते का? मी हिरवी चेटकीण!"

"भिंगरे, हलू नकोस. तोंड उघडू नकोस."

पण पोर आजीला पाण्यात पाहून हरखली होती. तिने वाकून तोंड भरून घेतलं, गाल फुगवले आणि दातांच्या फटीतून लांबलचक हिरवा फवारा सोडला.

*

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, पण घाईत नव्हती. भिंगरीला धुऊन, पुसून, स्वच्छ चादरीत गुंडाळून पलंगावर बसवलं होतं. दंडांवर लाल पुरळ उठू लागलं होतं. बाहेर बाकांवर वर्गातली आणखी पोरं आपल्या आईबापांबरोबर बसली होती.

"पाणी पोटात गेलं का गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भिंगरीने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. "नाही."

"खरं सांग," लेक म्हणाली. "फवारे उडवत होतीस ना? गिळलंस का?"

"नाही म्हटलं ना!"

"अगं, मार खायचाय का? खरं बोल!"

भिंगरीचा ओठ थरथरला आणि ती गप्प झाली. मूल एकदा असं गप्प झालं की ते दार बाहेरून ढकलून उघडत नाही, हे थेंबआजीला ठाऊक होतं. तिला त्या पोरीला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. तिने तसं केलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली.

"मला ना, तुझा फवारा जमत नाही," ती म्हणाली. "मला दात आहेत सगळे, म्हणून असेल का?"

भिंगरीने तिरक्या नजरेने पाहिलं. "सगळे नाहीयेत. मागचे नकली आहेत."

"ते आहेच. पण शिकव ना. इथे प्यायचं स्वच्छ पाणी आहे. उडव त्या बादलीत."

भिंगरीने पेला घेतला, गाल फुगवले, फवारा सोडला. बादलीत टण्ण आवाज झाला. थेंबआजी फवाऱ्याकडे बघत नव्हती. ती त्या इवल्याशा गळ्याकडे बघत होती. फवारा संपला, ओठ मिटले, आणि गळा हळूच एकदा वरखाली झाला.

"पुन्हा."

पुन्हा तेच. फवारा, मिटलेले ओठ, आणि गळ्याची ती बारीक हालचाल.

"आणि तोंडात उरतं त्याचं काय करायचं?" थेंबआजीने विचारलं, जितक्या सहज विचारता येईल तितक्या सहज.

"उरलेलं गिळायचं," भिंगरी म्हणाली. "थुंकलं तर मुलं म्हणतात लाळेरी."

"असं होय. आणि आज तळ्यात किती फवारे झाले?"

"पुष्कळ! मी पहिली आले."

मागे लेकीने तोंडावर हात दाबून धरला. डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला आणि परिचारिकेला हाक मारली. दुपार व्हायच्या आत भिंगरीला उलट्या सुरू झाल्या.

पहिली उलटी हिरवी होती.

*

खोलीबाहेर मायलेकी भिंतीला टेकून उभ्या होत्या. आतून दर थोड्या वेळाने तो आवाज यायचा आणि दोघींच्या खांद्यांना झटका बसायचा. रक्त तपासायला गेलं होतं. हे विष यकृताला लागतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. किती लागलं ते लगेच कळत नाही, थांबावं लागतं.

"तू 'उतरव' म्हणालीस," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तेच जास्त भीतीदायक होतं.

"म्हणाले."

"मला समजाव. तू मोजलंस. सगळा जन्म मोजतेस. मग दिसलं कसं नाही?"

थेंबआजीने सांगितलं. नळी, काच, खाली बसणारे, वर तरंगणारे. सांगताना ती नेहमी शिकवते तसंच सांगत गेली, पायरी पायरीने, आणि प्रत्येक पायरीला तिला स्वतःचाच आवाज परका वाटत होता.

"म्हणजे," लेक म्हणाली, "जे खाली बसतं, निरुपद्रवी, ते तू मोजायचीस."

"हो."

"आणि जे मारणारं, ते वर. ते तू मोरीत ओतायचीस."

"हो."

"दर पंधरा दिवसांनी."

थेंबआजीने मान हलवली. आतून पुन्हा आवाज आला. लेक दार उघडून आत गेली, आणि दार तिने मागे लावून घेतलं.

त्याच दिवशी नावाड्याचा भुंग्या गेला. निरोप थेंबआजीलाच आला. तिने तो आत कुणाला सांगितला नाही.

रक्ताचा पहिला आकडा वाईट आला. दुसरा त्याहून वाईट. आकड्यांवर जन्म काढलेली ही बाई त्या कागदाकडे बघू शकेना. तिने तो डॉक्टरीणबाईंना वाचायला लावला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिली. तिसरा आकडा जागच्या जागी थांबला. चौथा खाली आला. मग एका सकाळी भिंगरीने डोळे उघडून विचारलं, "पैज मीच जिंकले ना?" लेक हसायला गेली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. बाकीच्या पोरांचं पुरळ आणि पोटदुखीवर निभावलं होतं. भिंगरीचं यकृत सावरतंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण वर्षभर रक्त तपासत राहावं लागेल.

*

त्यानंतर थेंबआजी प्रयोगशाळेत गेली तेव्हा तिने आधी खिडकीतली हातोडी काढली.

मागच्या भिंतीला फळ्या होत्या. दर वर्षाच्या एकेका नमुन्याची बाटली आयोडीन घालून तिथे ठेवलेली होती, कधी पुन्हा तपासावी लागली तर असावी म्हणून. त्या कुणी हलवत नव्हतं. ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे समोरून बघितलं. गेल्या वर्षीच्या बाटलीच्या मानेशी साय होती. त्याआधीच्या वर्षी पातळ कडं. त्याच्याआधी केसासारखी रेघ, नीट पाहिली तरच दिसेल अशी. आणखी मागे गेलं की काही नाही. सर होते तोवर काही नाही.

ते एकाएकी आलं नव्हतं. वर्षावर्षाने चढत आलं होतं, आणि प्रत्येक वर्षी पोरं पाण्यात उतरली होती, आणि ती खालून बघत "ठीक आहे" म्हणाली होती. तिला त्या खोलीत एकटं बसवेना. उठून तिने दार उघडं टाकलं.

तिने सरांची पट्टी मोडली नाही. त्या दिवसापासून ती दोन नळ्या भरू लागली: एक जुन्या पद्धतीने, वर्षांची साखळी तुटू नये म्हणून, आणि दुसरी बाटलीच्या बुचावर ठोका दिल्यावर. ठोका दिला की बाटलीतली साय डोळ्यांदेखत ढगासारखी पसरायची आणि खाली जायची. आणि वरचं पाणी मोरीत ओतण्याआधी ती ते उजेडात धरून बघायची. बघून झालं तरी पुन्हा बघायची.

हवा गार झाली, वारे सुटले. ठोक्याच्या बाटलीतला आकडा उतरत उतरत जुन्या बाटलीच्या आकड्याला येऊन मिळाला. लेकीचा वर्ग कुशीच्या काठावर गवतावर पालथा पडून हवेत हात मारत होता. थेंबआजी वाटेने येताना दिसली तशी लेक उठून पुढे आली. दोघींचं बोलणं आताशा कामापुरतंच होत असे.

"दोन्ही आकडे कमी आहेत," थेंबआजी म्हणाली.

"आकडा नको मला." लेकीने पाण्याकडे बोट केलं. "तू उतरशील का, एवढंच सांग."

काठावर कुणी हसलं नाही. पालक आपापल्या पोरांचा हात धरून बघत होते. भिंगरी गवतावर उभी होती. तिचे नवे दात अर्धे वर आले होते. तिने पाण्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट झाकून घेतलं.

थेंबआजीने चपला काढल्या. पाणी गार होतं. घोटे, मग गुडघे. श्वास अडकला, तरी ती थांबली नाही. मांड्यांपर्यंत गेली आणि उभी राहिली. पाणी नितळ होतं, पायाची बोटं दिसत होती. ती वाकली आणि पाण्याला जवळजवळ नाक लावून वरचा थर बघत राहिली. उन्हात इकडेतिकडे काही ठिपके होते. धूळ असेल. पराग असेल.

"आई?" काठावरून लेक म्हणाली.

"आज नको," थेंबआजी म्हणाली.

लेकीने का म्हणून विचारलं नाही. तिने मान हलवली, मुलांकडे वळली आणि म्हणाली, "चला, पालथे पडा. बेडूक पाय कसे मारतो?" भिंगरी बाकीच्यांबरोबर गवतावर पडली, तोंडावरचे हात तिने काढले नाहीत.

बाहेर यायला थेंबआजीने एक पाऊल उचललं. गाळाने ते थोडा वेळ धरून ठेवलं.